म्हसोबापाशी थांबणारा साहेब

मला इंजिनातलं काही कळत नाही, हे एक माझी सासुरवाडी सोडली तर सगळ्या जगाला ठाऊक आहे.

सासुरवाडीचा हा गैरसमज लग्नाच्या बैठकीतला. मी तेव्हा बेळगावात सर्व्हिस मोटारीच्या ऑफिसात तिकिटं फाडायला होतो. रोज येळ्ळूरहून सायकलनं जायचं, खिडकीत बसायचं, संकेश्वरची, निपाणीची तिकिटं फाडायची आणि दिवेलागणीला परत यायचं. पण बैठकीत माझ्या चुलत्यांनी "पोरगं मोटारीच्या लाइनीत हाय" एवढंच सांगितलं आणि तंबाखू मळत गप्प बसले. पुढचं समोरच्यांनी समजून घेतलं. चुलते खोटं बोलले असं म्हणता येणार नाही. लढाईच्या दिवसांत मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या आणि वंटमुरीच्या चढाला हमखास बसायच्या. ऑफिसच्या कामानं मला निपाणीला जावं लागे तेव्हा उतारूंच्या बरोबरीनं ढकलायला मीही असायचो. मोटार मागून कशी दिसते, याचा माझ्याइतका अभ्यास त्या मुलखात फार थोड्यांचा असेल.

स्वराज्याच्या वर्षी श्रावण अधिक आला. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, आणि लग्नानंतरचा पहिला धोंडा म्हणजे जावयाची चंगळ. त्या महिन्यात जावई हा नारायण. त्याला बोलावून घ्यायचं, पुरण भरलेले धोंडे तळून वाढायचे, अनारसे द्यायचे आणि तो म्हणेल त्याला व्हय म्हणायचं. बायको आधीच माहेरी गेली होती. मी रजा काढली आणि नारायण व्हायला म्हणून निपाणीजवळच्या तिच्या गावच्या फाट्यावर उतरलो.

सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. ते फाट्यावर उभेच होते. रामराम झाला, माझी पिशवी त्यांनी काखेत मारली आणि घराची वाट सोडून मळ्याच्या वाटेला लागले.

"पाव्हणं, जेवण मागनं. आधी आमच्या साहेबाला बघा."

मला वाटलं, कुणी गोरा अंमलदार मळ्यात येऊन आजारी पडलाय. मी टोपी सारखी केली, कोटाची बटणं लावली. इंग्रजीतलं एखादं वाक्य आठवतंय का ते बघत चाललो.

साहेब बांधालगत उभा होता. म्हशीच्या रेडकाएवढा, राखी रंगाचा, पुढची चाकं बारकी, मागची थोराड. छोटा ट्रॅक्टर. बेळगावच्या कॅम्पात एक म्हातारा साहेब आंब्याची बाग राखून होता. मायदेशी परतताना त्यानं घरातलं सामान विकायला काढलं. मामा गेले होते एक शिसवी पलंग बघायला, आले ट्रॅक्टर घेऊन. साहेबाचा म्हणून गावानं त्याचं नाव साहेबच ठेवलं. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, पलंगाची वाट बघत होत्या. पण जे आलं त्याचं त्यांनी रीतीनं स्वागत केलं. त्या घरात नवं जनावर आलं की बांधावरच्या म्हसोबाचा शेंदूर आणून त्याच्या कपाळाला लावायचा अशी चाल होती. म्हैस आली तेव्हा लावला, कुत्रं आलं तेव्हा लावला. मग साहेबाला का नाही?

अडचण निराळीच होती. ट्रॅक्टर आल्या आठवड्यात मामांनी आपली बैलजोडी विकून टाकली होती. नुसती विकली असती तरी चाललं असतं, पण विकून आल्यावर देवळाच्या पारावर बसून त्यांनी भाषण केलं. शेणात हात घालायचे दिवस गेले, आता ज्याला गोठ्यातच जन्म काढायचा असेल त्यानं खुशाल काढावा, असा त्याचा मथितार्थ होता. समोर त्यांचे थोरले भाऊ बसलेले. त्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पांच्या दावणीला दोन जोड्या, आणि रान मामांच्या रानाला बांधाला बांध लावून. आप्पा पटका झटकून उठून गेले, आणि तेव्हापासून दोघा भावांत सरळ बोलणं बंद. जे बोलायचं ते तिसऱ्याकडं तोंड करून.

आणि आता साहेब चालत नव्हता. वाफ्यात तंबाखूची रोपं लावणीला आली होती. पावसानं उघडीप दिलेली, रान ना चिकट ना कडक, कुळवाच्या पाळ्या घालाव्यात तर आत्ताच. पुन्हा पाऊस लागला की चिखल, चिखल वाळेस्तोवर रोपं वाफ्यातच हातभर वाढणार आणि फुकट जाणार. म्हणजे एक तर साहेबानं उठायचं, नाहीतर मामांनी आप्पांच्या दारात जाऊन बैल मागायचे. गावात आणखी कुणाची जोडी मोकळी नव्हती. मामा म्हणत, "माझ्या मानंवर जू ठेवून कुळव वडीन, पर त्येच्या उंबऱ्याला न्हाय जायचा." आणि एवढं म्हणून ते माझ्याकडं बघत. नारायण इंजिनाच्या लाइनीतला, त्यांना कशाची काळजी?

"व्हतंय तरी काय ह्याला?" मी डॉक्टरच्या सुरात विचारलं.

"सकाळी एका हँडलात उठतंय. झकास चालतंय. म्हसोबापतूर गेलं की खोकतंय आन् बसतंय. मग काय बी करा, उठत न्हाय."

"रोज म्हसोबापाशीच?"

"रोज. ईतभर अलीकडं न्हाय, पलीकडं न्हाय."

मग त्यावर गावाचं काय म्हणणं असणार? म्हसोबा साहेबाला अडवतोय. त्याला गोऱ्याचं यंत्र आपल्या हद्दीतून गेलेलं खपत नाही. मामींनी त्यावर उपायही सुरू केला होता. रोज सकाळी म्हसोबाला तेलात खललेला शेंदूर लावायचा, आणि त्याच वाटीतला साहेबाच्या कपाळाला. म्हणजे हा आपलाच आहे अशी देवाची ओळख पटेल. ट्रॅक्टरचं कपाळ कुठलं हे ठरवायला त्यांना वेळ लागला नव्हता. पाठीवर पेट्रोलची टाकी, टाकीवर पितळेचं फुगीर झाकण, ऊन पडलं की चकाकणारं. त्याहून चांगलं कपाळ सगळ्या घरात कुणाला नव्हतं. त्या झाकणावर तेव्हाच शेंदराची चांगली भाकरी जमली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोट काढून कामाला लागलो. साहेब एका हँडलात उठला, कुळव ओढत निघाला, म्हसोबापाशी खोकला आणि बसला. मामांनी सांगितल्यापेक्षा तसूभर फरक नाही. बांधापलीकडं आप्पा बैलांच्या मागं उभे. त्यांनी बैलाकडं तोंड करून बोलायला सुरुवात केली.

"काय रं सोन्या, आख्खा मुलूख साहेबाला चालता हो म्हणतोय. आन् एक आमचा धाकला बघ, चाल बाबा, चाल बाबा म्हणून त्येच्या पाया पडतोय."

सोन्या बैलानं मान हलवली. मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. तेवढ्यात वाटेनं चिकोडीकडचा एक कानडी व्यापारी बैल घेऊन चाललेला. तो थांबून आदबीनं म्हणाला, "एनरी, सायेबरु मलग्यारेन?" साहेब झोपलेत काय, असं विचारत होता बिचारा. मामांनी त्याला मराठीत जे उत्तर दिलं ते त्याला कळलं नाही, हे बरं झालं.

मी ऑफिसात ड्रायव्हरांच्या तोंडून ऐकलेले शब्द आठवले. ड्रायव्हर लोक तीन गोष्टी म्हणत. कचरा आलाय. पाणी शिरलंय. प्लग काळा झालाय. त्यातला प्लग हा मला बाहेरून ओळखता येत होता, म्हणून मी म्हणालो, "प्लग काळा झालाय." पाना लावून तो काढला. नशिबानं तो खरंच काळा होता. बायकोनं तो घेतला आणि समई घासावी तसा चिंच आणि राखुंडीनं घासून, धुऊन, उन्हात वाळवून आणला. एवढा देखणा प्लग मी पुन्हा पाहिला नाही.

प्लग बसवला. मग वाटलं, पेट्रोल तरी आहे की नाही बघावं. टाकीचं झाकण फिरवलं, तसा आतून फुस्स करून आवाज आला.

"सुस्कारा सोडला बघा," मामी कळवळून म्हणाल्या. "दमलंय बिच्चारं."

आत जोंधळ्याचं धाट घालून बघितलं. पेट्रोल होतं. झाकण लावलं, मामांनी हँडल मारलं आणि साहेब धडाडून उठला.

त्या क्षणी मी कुठल्या कुठं गेलो. मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली, बायकोनं पदरात हसू लपवलं, मामींनी लांबूनच माझ्यावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली आणि आनंदाच्या भरात साहेबाच्या कपाळावर शेंदराचं आणखी एक बोट ओढलं. साहेब रानाला एक पुरा वेढा घालून आला. आणि म्हसोबापाशी येऊन बसला.

नंतरच्या दोन दिवसांत मी काय काय केलं ते सगळं सांगत नाही. नळ्या काढून फुंकल्या. एका नळीतून पेट्रोल घशात गेलं, आणि दिवसभर मी ढेकर दिला की मामा चिलीम लांब धरत. ठिणगी पाडणारा जो मॅग्नेटो, त्यात पाणी शिरलंय असं जाहीर केलं आणि तो चुलीपाशी शेकायला ठेवला. मळ्यात परत बसवताना त्याच्या तारेचं एक टोक हातात धरलं, तोच मामांनी सहज चक्र फिरवलं. मला असा झटका बसला की मी मनात नसताना म्हसोबाला साष्टांग घातला. गावानं त्याचा अर्थ भक्ती असा घेतला. शेवटी एकदा साहेबाचं तोंड फिरवून उलट्या दिशेनं चालवून बघितलं. त्या बाजूनं तो म्हसोबाच्या कितीतरी अलीकडं, चिंचेखाली बसला. मग चिंचेलाही शेंदूर लागला.

मध्येच कधीतरी तो उठायचाही. उठला की प्रत्येक वेळी त्याचं श्रेय आदल्या घटकेला जे काही केलं असेल त्याला जायचं. कधी प्लगला, कधी नारळाला, कधी नुसत्या माझ्या हाताच्या गुणाला. प्रत्येक वेळी त्याआधी मी झाकण उघडून धाट घालून बघत होतो, आणि प्रत्येक वेळी मामी सुस्कारा ऐकून हळहळत होत्या, याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. माझं तर नव्हतंच.

माझ्या धोंड्याच्या जेवणाचा दिवस उजाडला तो मळभ घेऊन. पश्चिमेकडं आभाळ काळंभोर. अर्धं रान कुळवायचं राहिलेलं. आणि त्या दिवशी साहेब सकाळी सुद्धा उठला नाही. मामांनी हँडल मारून मारून घाम गाळला, मी मारलं, गड्यानं मारलं. एकदा हँडल उलटं फिरलं आणि माझ्या मनगटावर बसलं. झाकण उघडून बघायचं त्या दिवशी कुणाला सुचलं नाही. पेट्रोल आदल्या दिवशीच भरलं होतं.

मामा बांधावर बसून राहिले. आभाळाकडं बघितलं, रोपांच्या वाफ्याकडं बघितलं. मग उठून घरी आले, खुंटीवरचा पटका काढला आणि आरशाशिवायच बांधायला लागले. मामी स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"कुठं निघालासा?"

"आप्पाच्या दारात. बैल मागाय."

मामा माझ्याकडं न बघता बाहेर पडले. त्यांनी मला एक शब्द लावला असता तरी बरं वाटलं असतं, पण धोंड्याच्या महिन्यात नारायणाला बोल लावायची सोय नाही. मी पाटावर बसून राहिलो. मनगट सुजत होतं. लाइनीतला माणूस.

आत मामींनी तळणाला कढई चढवली होती. "रडत बसून धोंडं तळत्यात व्हय? त्याल आण गं," म्हणून त्यांनी लेकीला शेंगतेलाचा नवा डबा पुढं ओढायला लावला. बायकोनं खिळ्यानं डब्याला भोक पाडलं आणि डबा कढईवर कलता केला. तेल दोनदा गुटगुट करून आलं आणि थांबलं. तिनं डबा हलवला. थेंब येईना.

"अगं येडे," मामी म्हणाल्या, "दुसरं भोक पाड त्या अंगाला. वारं आत शिरल्याबिगर त्याल खाली येतंय व्हय? सासरी जाऊन येवढं बी शिकली न्हाईस?"

बायकोनं वरच्या बाजूला दुसरं भोक पाडलं. डब्यानं फुस्स केलं आणि तेलाची धार लागली.

मी धारेकडं बघत बसलो. खरं सांगायचं तर आधी माझ्या मनात धोंड्यांचाच विचार होता. पण ते फुस्स कानात राहिलं. हा आवाज मी तीन दिवस रोज ऐकतोय. मग माझं लक्ष मामींच्या उजव्या हाताकडं गेलं. बोटाच्या पेराला सकाळचा शेंदूर होता.

मी पाटावरून उठलो, बायकोच्या हातातला खिळा घेतला आणि सोवळ्यासकट पळत सुटलो. मागून बायको, "अवो, ताट वाढाय घेतलंय," करत आली. मळ्यात जाऊन मी साहेबाच्या कपाळावरची भाकरी खिळ्यानं खरवडून काढली. खाली पितळेत, झाकणाच्या बरोबर मधे, एक बारीक भोक होतं, शेंदरानं गच्च लिंपलेलं. खिळा आत जाईना, म्हणून बाभळीचा काटा मोडून घातला. साहेबानं लांबलचक सुस्कारा सोडला. शेंदूर आणि तेल एकत्र खलून लावलं की नळाचे सांधे थेंबभर गळत नाहीत, प्लंबर लोक हेच वापरतात, हे मला फार वर्षांनी समजलं. मामींनी ते सहजच साधलं होतं.

हँडल मी मारलं. दुखऱ्या हातानं, पहिल्याच फटक्याला. साहेब उठला तो असा गर्जत, की चिंचेवरचे कावळे उडाले.

बायको झाकणाकडं बघत होती. "आईचा शेंदूर?"

"गप," मी म्हणालो.

आता तिकडं आप्पांच्या दारात काय चाललं होतं ते मामांनी पुढं स्वतःच सांगितलं, आणि आप्पांनी दुरुस्त करून सांगितलं. मामा उंबऱ्याबाहेर उभे. आप्पा सोप्यात. दोघांच्या मधे तिसरं कुणी नाही, म्हणजे बोलायची पंचाईत. मामांनी घसा खाकरला, पटक्याचा शेव सारखा केला, आणि बैल हा शब्द ओठावर आणला तोच मळ्याकडून साहेबाची गर्जना आली. दोघांनी कान टवकारले.

"काय म्हणत होतास?" आप्पांनी विचारलं. कित्येक दिवसांनी सरळ.

"काय न्हाय," मामा म्हणाले. "जेवाय बोलवाय आलतो. जावयाचा धोंडा हाय."

आप्पांनी त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "जेवाय बोलवाय पटका बांधून आलतास?"

मामांचा हात पटक्याकडं गेला.

"परड्यात जाऊन बघ जा," आप्पा म्हणाले.

मामा घरामागच्या परड्यात गेले. दोन्ही जोड्या कुळवाला जुंपून उभ्या होत्या. मानेवर जुवाचे वळ उठलेले. बैल काही आत्ता जुंपलेले नव्हते.

"रोज सकाळी जुपतोय, दुपारी सोडतोय," आप्पा मागून म्हणाले. "तू येशील म्हणून. आपणहून ये म्हणाय मी काय येणार न्हवतो. पर आलास तर थांबाय नगं. चल आता, पाऊस यायला लागलाय."

मी साहेबावर बसून पट्टा ओढत होतो, तेव्हा समोरून दोन जोड्या रानात शिरताना दिसल्या. एकीच्या मागं आप्पा, दुसरीच्या मागं पटका बांधलेले मामा. साहेब गेला की मागं आप्पांचा कुळव आणि त्यामागं मामांचा, असं रान कुळवलं. म्हसोबा आला तसा सगळ्यांनी श्वास धरला. साहेब खोकला नाही. तो गेला. मामांनी बैल न थांबवता एका हातानं म्हसोबाला नमस्कार घातला. शेवटचा पट्टा संपला आणि थेंब पडायला लागले. दोन दिवसांनी त्याच ओलीवर रोपं लावली, आणि ती सगळी लागली.

जेवायला बसलो तेव्हा दुपार टळली होती. आप्पा माझ्या शेजारच्या पाटावर.

"व्हय पाव्हणं," ते म्हणाले, "काय झालतं वो त्याला?"

मामी शेंदराची वाटी कोनाड्यात ठेवत होत्या. त्यांचा हात तिथंच थांबला. मामा ताटावरून वर बघायला लागले. बैल विकण्यापासून पटका बांधण्यापर्यंतचा सगळा राग त्यांच्या घशात अजून होता, आणि तो कुणावर तरी जायला वाट शोधत होता. मी नारायण असल्याचा फायदा त्या महिन्यात पहिल्यांदाच घेतला.

"कपाळ तापत होतं त्याचं," मी म्हणालो. "गोऱ्याची जात, ऊन सोसत नाही. मामी, उद्यापासनं शेंदूर डोक्याला नको. पुढं नाकाडाला लावा. कपाळ मोकळं ठेवा."

"नारायणानं सांगितलं म्हंजे झालं," मामी म्हणाल्या, पण माझ्याकडं अशा बघून म्हणाल्या की त्यांना तेलाचा डबा आठवला असावा. बायकोला ठसका लागला. आप्पांनी धोंडा तोंडात घातला आणि दुसऱ्याला हात घातला.

जेवण झाल्यावर मला ओवाळायला मामी निरांजन घेऊन पुढं आल्या. त्यांचं कुंकवानं भरलेलं बोट माझ्या कपाळाकडं येताना बघून मी आधी एक लांब श्वास भरून घेतला.

"भिऊ नगासा," मागून बायको हळूच म्हणाली. "तुमच्या डोक्यात वारं मायंदाळ हाय."